वगळलेल्या अडतीस जणी

"मग त्या अडतीस बायका गेल्या कुठे?" संचालकांनी विचारलं.

"प्रोग्रामने वगळल्या, साहेब. तशी एक ओळ पडद्यावर आली होती. मी ती वाचली नाही."

सभागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली. संशोधक उभाच होता. कान तापले होते, पण बोलायचं ते त्याने एकदाचं बोलून टाकलं होतं.

पाहणी नवजात बाळांच्या मृत्यूंची होती. प्रत्येक आईला मुख्य प्रश्न एकच: पहिल्या महिन्यात तुमचं मूल दगावलं का? उत्तर हो किंवा नाही. अशा उत्तरांसाठी प्रोबिट नावाचं गणित वापरतात. आईचं वय, शिक्षण, पाणी, वस्ती यांतली कुठली गोष्ट 'हो'ची शक्यता वाढवते, ते त्यातून कळतं. पण एखाद्या वस्तीत सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर तुलनेला काही उरत नाही. प्रोग्राम ती अख्खी वस्ती बाजूला काढतो आणि पुढे जातो.

रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीत अडतीसच्या अडतीस जणींनी 'हो' म्हटलं होतं. म्हणून त्या हिशेबात आल्याच नव्हत्या. अहवाल छापून वर्ष झालं होतं, आणि त्यात त्याने स्वतः लिहिलं होतं: कारखान्याचा दोष दिसत नाही.

"आकडे बोलतात, असं तुम्हीच पोरांना शिकवता," संचालक म्हणाले. "तुमचे वर्षभर तोंडात गुळणी धरून बसले होते वाटतं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"अडतीसच्या अडतीस? खात्री आहे?"

"ताईंनी स्वतः घरोघर फिरून आणलेली माहिती आहे, साहेब. त्यांच्या कामात आजवर बोट ठेवायला जागा मिळालेली नाही."

"बरं. आरोग्य खात्याला कळवायचं तर आधी—"

"कालच पत्र दिलं. वर्तमानपत्रालाही. आज छापून आलंय."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला न विचारता."

"तुम्ही थांबा म्हणाला असता."

"उद्या राजीनामा घेऊन या," संचालक म्हणाले. "तेवढं मात्र मला विचारून लिहा."

ताई मागच्या खोलीत नव्या पाहणीचे कागद लावत होत्या. घरोघर फिरून माहिती आणणाऱ्या चौघींत त्या सगळ्यांत जुन्या. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात मधेच थांबला.

"तुम्ही पत्रसुद्धा दिलंत?"

"हो."

"कशाला, सर? झालं ते झालं. राहू द्यायचं होतंत."

त्याला वाटलं, रागावल्या आहेत. रागावणारच. उन्हातान्हात पायपीट करून आणलेलं त्यांचं काम त्याने एक ओळ न वाचल्यामुळे मातीत घातलं होतं.

"मला त्या वस्तीत जायचंय," तो म्हणाला. "दारोदार जाऊन माफी मागायचीय. तुम्ही सोबत चला."

"नको, सर. त्यांना कशाला उगाच त्रास?"

"त्यांना नाही, ताई. मला हवंय ते."

बसमध्ये त्याला पाहणीचे ते दिवस आठवत राहिले. ताई दोन महिन्यांची रजा संपवून पाहणीच्या ऐन तोंडावर कामावर आल्या होत्या. घरची अडचण, एवढंच म्हणाल्या. कसली, ते त्याने विचारलं नाही. उलट रागाच्या भरात कुणालाच नको असलेली ही लांबची वस्ती त्यांच्या माथी मारली. प्रशिक्षणाच्या वर्गात त्यांनी हात वर केला होता. "सर, हा प्रश्न असाच विचारायचा? जरा वळणाने विचारला तर?"

"शब्द बदलायचा नाही," तो खेकसला होता. "तुम्हाला लिहायला पाठवतोय, रडायला नाही."

वर्ग हसला होता. ताईही हसल्या होत्या. आता ते हसू आठवून त्याला खिडकीबाहेरही धड बघवेना.

कारखान्याचं धुरांडं थंड होतं. फाटकाला कुलूप लागलं होतं, आणि बाहेर कामगार जेवणाचे डबे हातात धरून घोळक्याने उभी होती. मागे वस्तीची गल्ली. दोरीवर इवलीइवली झबली वाळत होती. पोरांनी नुसता कालवा मांडला होता. एवढं सोसूनही घरं पुन्हा भरली आहेत, असं त्याला वाटलं.

नळावरच्या एका बाईने बादली खाली ठेवली. कडेवर तान्हं मूल होतं. "कुणाकडे आलात?" तिने दोघांनाही विचारलं.

ताईंनी मान खाली घातली. वर्ष उलटलं, प्रश्न विचारून गेलेली बाई कोण लक्षात ठेवतं, असं त्याच्या मनात आलं.

"सर, चला ना परत," ताई हलकेच म्हणाल्या.

"कुणी पत्र लिहिलं म्हणे," नळावरची बाई म्हणाली. "सकाळी पेपरात आलं आणि चौकशीसाठी कारखाना बंद केलाय. आमचे घरी बसले. आता खायचं काय, ते पण त्यानेच लिहून कळवावं."

"मी लिहिलं ते," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याची मान जरा वर झाली. "थोडे दिवस ओढाताण होईल, बाई. पण हे आधीच व्हायला हवं होतं. उशीर माझ्यामुळे झाला. तुमच्या गेलेल्या बाळांची मी माफी मागायला आलोय."

बाईने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"काहीतरी अभद्र बोलू नका हो. कुठली बाळं?"

तो ताईंकडे वळला. त्या कुणाच्या तरी पायरीवर टेकल्या होत्या. आधीही तिथे बसल्या असाव्यात, अशा.

"इथं कुणाचंच गेलं नाही, सर," ताई म्हणाल्या. "अडतीस वेळा मी माझंच उत्तर लिहिलं."