दहा ओळींचा नमुना

"यंदाबी नाय झालं, मास्तर," सुगंधाबाई उंबऱ्यातच म्हणाल्या आणि पिशवी भिंतीशी टेकवून खाली बसल्या.

बद्रीनाथांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "काय म्हणाले कचेरीत?"

"नमुना कमी पडतो म्हनले. अजून गानं पाह्यजे."

"मागच्या वर्षी चाळीस पानं दिली होती."

"मीबी तेच म्हनले. तर म्हनले, बाई, गान्यातला तुमचा देव अजून नदीच्या अलीकडंच हाय."

बद्रीनाथ चष्मा पुसत राहिले. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून ते औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून कलावंतांचे अर्ज भरून देत. कुठलं खातं कुणाला मदत देतं, हे वर्तमानपत्रांची कात्रणं काढून शोधत. चितेगावच्या भजनी मंडळाला त्यांच्याच अर्जावर पखवाज मिळाला. सांडू शाहिराच्या फडाला दौऱ्याचा खर्च मिळाला. फक्त करमाडच्या या धनगर बाईंचं म्हातारपणीचं मानधन तेवढं चार अर्ज झाले तरी अडून होतं. अर्ज तर अगदी सरळ. म्हणजे चूक आपलीच, अशी त्यांची खात्री होत चालली होती. आपलं अक्षर लागत नसेल, नाहीतर भाषा फार पुस्तकी होत असेल. कचेरीत जाऊन एकदा विचारावं, असं दर वर्षी मनात येई. पण खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की ते बेत पुढे ढकलत. मग बाईच पाकीट घेऊन जात आणि पुढच्या नोव्हेंबरात नकार घेऊन येत.

त्यांनी कोरा अर्ज काढला. "नाव तेच ना?"

"आता दुसरं कुठून आनू?"

"वय?"

"मागल्या साली किती लिव्हलं?"

"एकाहत्तर."

"मंग तेच राहू द्या. मी काय कुनाला सांगत नाय."

बद्रीनाथ गालातल्या गालात हसले आणि त्यांनी बहात्तर लिहिलं. पुढचा रकाना साथीदारांचा. बाईंच्या ओवीची एक रीत होती. गाणारीनं एक ओळ म्हणायची आणि शेजारच्यानं 'व्हय' म्हणायचं. 'व्हय' आल्याशिवाय पुढची ओळ सोडायची नाही. त्या माणसाला व्हयवाला म्हणत. तीस वर्षं सुगंधाबाईंचा व्हयवाला त्यांचा नवरा होता, बिरू. तो गेला आणि बाईंचं गाणं बंद पडलं. तेव्हापासून या रकान्यात एकच शब्द जाई.

"साथीदार, नाही," लिहिता लिहिता ते पुटपुटले.

"नाय कसं? हाय की."

बद्रीनाथांनी पेन उचललं. "सूनबाई बसतात का आता?"

"मंजुळा? तिला टीव्ही सोडवत नाय. म्हनती, आत्याबाई, तुमचा देव नदी उतरंपर्यंत माझी मालिका संपती." बाईंनी पदर सारखा केला. "हाय दुसरा एक. लई बुजरा हाय. नाव नका घालू, पळून जाईल."

ऐकून त्यांना बरं वाटलं. त्यांनी 'एक' असं लिहिलं आणि नमुन्यासाठी कागद पुढे ओढले.

"मेंढरं थांबली पान्याच्या काठी," सुगंधाबाईंनी सुरू केलं.

"व्हय," मान खाली घालून लिहिता लिहिता बद्रीनाथ म्हणाले.

"देवानं घोंगडं टाकलं वाळूवर."

"व्हय."

"नदी म्हनती, देवा, तुझं लहान कोकरू मला दे."

"व्हय."

देवाचा एक पाय पाण्यात पडला, तोवर पाचच्या एसटीची वेळ झाली. बद्रीनाथांची बोटं आखडली होती. त्यांनी शाईचा पॅड उघडला. बाईंचा अंगठा आधीच निळा होता. दर वर्षी असायचा.

"रेशनच्या दुकानात लावला सकाळी," बाई म्हणाल्या.

त्यांनी ओल्या फडक्यानं तो नीट पुसून घेतला. कदाचित ठसाच स्वच्छ उमटत नसेल, आणि अर्ज म्हणूनच मागे पडत असेल. ही एक नवीन शंका.

सुगंधाबाईंनी हात पुढे केला. "द्या. जाता जाता देऊन टाकते."

"यंदा मी नेतो."

बाईंचा हात तसाच राहिला. "तुमी? कशाला, मास्तर? तिथं लई गर्दी."

"माझ्या चुकीपायी तुम्ही हेलपाटे घालताय. काय चुकतं ते उद्या विचारतोच. आणि यंदाही नाही झालं, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. माझ्या हाताला यश नाही, सुगंधाबाई."

त्या उठल्या. पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"दुसरा कुनी नको," त्या म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ कचेरी उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिले. तरी मागच्या चौघांना त्यांनी पुढे जाऊ दिलं. शेवटी खिडकीतल्या बाईंनीच हाक मारली, "आजोबा, या ना. काय काम आहे?"

त्यांनी पाकीट आत सरकवलं. "एकदा बघून घ्याल का? काही चुकलं असेल तर इथंच दुरुस्त करतो."

बाईंनी अर्जावरचं नाव वाचलं, वही ओढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा अर्ज कशाला आणलात? यांचं मानधन चालू आहे की. हे चौथं वर्ष. काल सकाळीच हयातीच्या दाखल्यावर अंगठा देऊन गेल्या."

"पण नमुना..." बद्रीनाथ कसेबसे म्हणाले. "नमुना कमी पडतो ना?"

"दहा ओळी लागतात, आजोबा. त्या पहिल्याच वर्षी पोचल्यात." बाईंनी पाकीट परत दिलं आणि त्या हसल्या. "काल केवढी घाई त्यांना! म्हणाल्या, ताई, मला आधी सोडा, उस्मानपुऱ्यात माझा व्हयवाला खोळंबलाय. कोण हो हा व्हयवाला?"