करकरा, एक

"कोणासोबत पाहिलात, काका?" भाग्येशने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

हिंमतरावांनी मागे वळून पाहिलं. लोणखेड्याहून एकाच गाडीतून आलेली सगळी मंडळी तिकडे बाभळीखाली चहा पीत होती. तलावाच्या या काठावर ते एकटेच होते, आणि भाग्येश येईपर्यंत त्यांना दिसलेला करकरा, तो राखाडी क्रौंच, उडूनही गेला होता.

"मी एकलाच व्हतू."

भाग्येशने पेन उचललं. पक्षीगणनेची यादी त्याच्याकडे होती आणि त्याचा नियम पक्का होता. दोघांनी पाहिला तरच पक्षी यादीत जायचा. नियम चांगलाच म्हणायचा, नाहीतर हौशी माणसाला साध्या बगळ्यातही रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतो. पाच हिवाळे हिंमतरावांच्या नावाशेजारी त्यांच्या बायकोचं, मीनाबाईंचं नाव लिहिलं जायचं. मीनाबाई दिवाळीच्या आधी वारल्या. घरात दिवस दिवस बोलायला कोणी नसे, म्हणून तर हा माणूस एवढ्या थंडीत दुर्बीण गळ्यात अडकवून आला होता.

"करकरा थव्याने येतो काका. एकटा राहत नाही," भाग्येश समजुतीने म्हणाला.

"एखादाले ऱ्हानं पडस, भाऊ."

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. एका पक्ष्यापायी या वयात एवढं हट्टाला पेटायचं म्हणजे काय! पण कागदावर काही आलं नाही, तर आपण आज पाहिलं ते कोणालाच पोचलं नाही, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

"लिहा. मीही पाहिला."

मागे प्रिस्किला उभी होती. नवापूरकडची नर्स, गटात पहिल्यांदाच आलेली. दोन्ही हातांत चहाचे कप, आणि दुर्बीण अजून खांद्यावरच्या पिशवीत. भाग्येशच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. त्याने करकऱ्यापुढे एक आकडा टाकला, दोघांची नावं लिहिली आणि तो गाडीकडे निघून गेला.

हिंमतरावांना आभार मानावेत की रागवावं, ते कळेना.

"कसाले खोटं बोलनी, माय?"

प्रिस्किलाने एक कप त्यांच्या हातात दिला. मग ती काठावरच्या दगडावर ऐसपैस बसली.

"आता सांगा बाबा," ती म्हणाली, "मी काय पाहिलं?"