अख्खी कोंबडी

नामुली सवयीने स्वयंपाकघरात शिरायला गेली, तर मिरेंबेची आई दारातच आडवी उभी राहिली.

"मिरेंबे, तिला सांग, बाहेर फणसाखाली खुर्ची टाकलीय. तिथं बसायचं."

नामुली तिच्या पुढ्यात उभी होती. अगदी हाताच्या अंतरावर! तरी आई बोलली ती आपल्या मुलीशी, आणि तेही जमिनीकडे बघत.

"आई, ती इथंच आहे. ऐकतेय ना," मिरेंबे म्हणाली.

"मग ऐकलं असेल."

फणसाखाली मिरेंबेच्या थोरल्या बहिणीचा नवरा बसला होता, लुत्वामा. मिरेंबे आणि नामुलीला एंटेबेच्या विमानतळावर तोच सोडणार होता. जावई म्हटला की त्याची जागा अंगणात. मसाकाकडच्या त्या गावात सासू आणि जावई एकमेकांच्या तोंडाकडेसुद्धा बघत नाहीत. हाताला हात लागला तर मग विचारूच नका, मरेपर्यंत हात कापत राहतात म्हणे! त्यामुळे या दोघांचं बोलणं नेहमी भिंतीआडून आणि तिसऱ्याच्या नावाने चालायचं.

"मिरेंबे, सासूबाईंना विचार, जेवण मिळणार आहे का, की विमानातच जेवायचं?"

"मिरेंबे, तुझ्या मेहुण्याला सांग, विमानात त्याला कुणी घेत नाहीये. गप बसावं."

लुत्वामा खो-खो हसला. मग शेजारच्या खुर्चीत येऊन बसलेल्या नामुलीकडे वळला. "आणि तुला गं काय झालं? चुलीजवळची लाडकी तू. आज तुलाही हाकललं?"

नामुली हसली नाही. नर्सिंग शिकत होती तेव्हापासून ती या घरात चुलीजवळच्या चटईवर जेवत आली होती. तिला स्वतःची आई आठवतच नव्हती. याच बाईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, तापात तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, 'माझं शेंडेफळ' म्हणून तिला गावभर मिरवलं होतं. आणि काल संध्याकाळी मिरेंबेने आईला सगळं सांगून टाकलं. कंपालात घरमालकाने दोघींची एकुलती एक गादी गटारात का फेकली, ते. आयर्लंडच्या इस्पितळात दोघी कामाला चालल्यात ते नुसत्या मैत्रिणी म्हणून नाही, ते. आणि इथे परत येणं आता जमेलसं दिसत नाही, तेही. आईने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि कोंबड्या कोंडायला निघून गेली. बस्स, एवढंच.

नामुलीला फक्त एक हवं होतं. निघताना त्या बाईने एकदा पोटाशी धरावं. शिव्या द्यायच्या तर द्याव्यात, पण धरावं.

मिरेंबेने केळीच्या पानांत बांधलेले दोन पुडे आणले. एक लुत्वामापुढे ठेवला, एक नामुलीपुढे. पानं उलगडली आणि शेंगदाण्याच्या रश्श्याची वाफ वर आली. लुत्वामाने नामुलीच्या पानात डोकावलं आणि ओरडलाच.

"अरे वा! अख्खी कोंबडी? या अंगणात अख्खी कोंबडी मिळायला मला लग्न करावं लागलं! आणि तुला फुकटात..."

बोलता बोलता तो थांबला. एकदा त्या कोंबडीकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग मान खाली घालून मुकाट जेवायला लागला.

नामुलीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिने पान होतं तसं पुन्हा मिटून ठेवलं.

निघायची वेळ झाली. लुत्वामा गाडीत जाऊन बसला. मिरेंबे आईच्या गळ्यात पडली. आईने तिला इतकं घट्ट धरलं, की दोघी उभ्या उभ्या डुलायला लागल्या. मग नामुली पुढे आली, रीतीप्रमाणे गुडघे टेकले, उठली आणि तिने हात पुढे केले.

आई झटकन मागे सरली. एवढी झटकन, की तिची पाठ दारावर आपटली. खांद्यावरचं कापड तिने डोक्यावरून ओढून घेतलं, सबंध तोंड झाकलं, आणि पायाशी ठेवलेली टोपली पायानेच पुढे सरकवली. हातात दिली नाही.

"मिरेंबे, तिला सांग," कापडाआडून आवाज आला, "वाळवलेली अळंबी आहेत. तिला आवडतात. आणि सांग, माझी पोर झोपेत पांघरूण लाथाडते. थंड देश आहे म्हणतात. उठून अंगावर घालावं लागेल."

"आई," नामुली म्हणाली, "एकदाच. एकदाच गं."

कापड बाजूला झालं नाही. त्याची टोकं धरलेले हात मात्र कापत होते.

नामुलीने टोपली उचलली, गाडीत जाऊन बसली आणि तिला हुंदकाच फुटला. "माझी किळस आली तिला. बघितलंस? समोरसुद्धा नको झाले मी!" मिरेंबेने नामुलीचा हात धरला, आणि लुत्वामा आरशातून बघतोय हे दिसताच सोडला.

लुत्वामाने किल्ली फिरवली नाही. तो दाराकडे बघत होता. तिथं ती तशीच उभी होती, भर उन्हात, तोंड झाकून.

"नामुली," तो हळूच म्हणाला, "रडायचं ते रस्त्याला लागल्यावर रड. आपण दोघं इथून हलल्याशिवाय त्यांना तोंडावरचं कापड काढता यायचं नाही."