बॅटरी भरेपर्यंत

जनरेटरची दोरी ओढायच्या आतच बाळ तिच्या कडेवरून गेलं.

"आण इकडे, वहिनी. या धडधडाटात कसं झोपेल माझं पिल्लू?" असं म्हणत धाकटी नणंद तळ्याच्या कडेने चालूही लागली. अंगात वहिनीचाच निळा स्वेटर. विचारायची पद्धतच नाही!

या माळावर विजेचा खांब औषधालाही नव्हता. त्यांच्या राहत्या ट्रेलरमधले दिवे, पाण्याचा पंप, हीटर, सगळं बॅटरीवर. आणि बॅटरी जनरेटरवर. नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून वायर जोडून मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं काम तिचं. आणि रोज ती बसली, की आत्याबाई बाळासकट पसार.

तिने लांबून पाहिलं. खांद्यावर मान टाकून बाळ गपगार. आईकडे मात्र किंचाळून घर डोक्यावर घेतं! तिच्या पोटात दुखलं, अगदी खरंखुरं.

शेवटची थोडी बॅटरी भरायलाच जास्त वेळ लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने जनरेटर बंद केला आणि हाक मारली, "झालं गं! आण माझं पोर!"

दिवस मावळला तसे ट्रेलरमधले दिवे मिणमिणले. हीटरचा पंखा कण्हला आणि थांबला.

"सकाळी पूर्ण भरली होती ना?" नवऱ्याने विचारलं.

"थंडीने उतरली असेल," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

पुन्हा जनरेटर. पुन्हा नणंदेचे पुढे आलेले हात. आता मात्र तिला राहवलं नाही.

"पोर नेतेस ते नेतेस, माझा स्वेटर तरी सोड की! सकाळच्या उन्हातसुद्धा थंडी वाजते तुला?"

नणंद ओशाळली. "थंडी कसली गं. घामाघूम होते मी. पहिल्या दिवशी रडून रडून लालबुंद झाला होता हा, तुला बोलले नाही. तुझा स्वेटर घातला की त्यात नाक खुपसून गप्प होतो. पेट्रोलचा वास, दुधाचा वास... तोच लागतो लबाडाला." मग हळूच म्हणाली, "माझ्या स्वेटरला लाथा मारतो."

तिने बाळ नणंदेकडे दिलं आणि दोरी ओढली.

काटा भरल्याच्या खुणेला टेकला, तरी तिने जनरेटर चालूच ठेवला. तळ्याकाठच्या अंधुक चांदण्यात निळा स्वेटर आणखी एक फेरी मारत होता.