देवस्थळींचा लाल दिवा

संडासातलं यंत्र रोज सकाळी प्रत्येकाची लघवी तपासायचं. देवस्थळींच्या घरात आजोबा, आत्या, श्रीरंग, सगळ्यांना लाल दिवा. लघवीत किंचित रक्त, पिढीजात आणि निरुपद्रवी. आजोबा तर मिरवायचेच, "लाल दिवा म्हणजे अस्सल देवस्थळी!"

दत्तक आलेल्या छोट्या ओवीचा दिवा मात्र हिरवा.

एके सकाळी यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "हे रक्त नाही. हा बीटाचा रस आहे."

श्रीरंग धावला. ओवी रिकामी वाटी घेऊन रडत होती. "बाबा, माझा कधी होणार लाल?"

दुपारी डॉक्टर चक्रावले. "अहो, काही त्रास नसताना स्वतःचं जनुक कशाला दुरुस्त करून घेताय?"

"त्रास आहे ना," श्रीरंग म्हणाला. "घरात माझी लेक एकटीच हिरवी आहे."