घाटातली साखर

सायकल शर्यतीत आंबोलीच्या अर्ध्या घाटात केतकीचे पाय जड झाले. वळणावर आई बाटली घेऊन उभी होती.

केतकीला लहानपणीच मधुमेह झाला होता. मागच्या शर्यतीत ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर रक्तातली साखर भडकून ती सायकलवरून कोसळली होती. आईच्या बाटलीतल्या या नव्या पेयातली साखर रक्तात मोकळी होत नसे, थकलेल्या स्नायूत शिरल्यावरच ती उलगडे.

"गोड आहे गं," आई चाचरत म्हणाली.

"दे लवकर!"

केतकीने बाटली रिकामी केली. थोड्याच वेळात पायांत बळ आलं. पुढच्या एकेकीला मागे टाकत तिने माथ्यावरची रेषा सर्वांत आधी ओलांडली.

मागून जीपने आई पोचली. तिने आधी लेकीच्या मनगटावरच्या घड्याळात दिसणारा रक्तातल्या साखरेचा आकडा पाहिला. तो अगदी नेहमीसारखा होता. मग ती ओरडली, "जिंकलीस गं पोरी!"