चाळीसच्या वर

उद्धवरावांनी मोटरसायकलची मूठ पूर्ण पिळली. इंजिन गुरगुरलं, पण जोर धरेना.

"त्या दिवशीही अशीच करत होती," ते म्हणाले.

नागसेन मिस्त्रीनं पान्हा उचलला.

दोन महिन्यांपूर्वी रुख्मिणीबाईंच्या छातीत कळ आली. उद्धवराव त्यांना याच गाडीवर तामसीहून आदिलाबादला घेऊन निघाले. गाडी चाळीसच्या वर गेलीच नाही. रुख्मिणीबाई रस्त्यातच गेल्या. तेरवीला बंडूनं चारचौघांत बापाला विचारलं, हा खटारा वेळेवर दाखवला असता तर आई गेली असती का. तेव्हापासून एका घरात दोघं, आणि बोलणं बंद.

गाडी तर उद्धवरावांनी दोनदा दाखवली होती. म्हातारी झाली काका, असं नागसेननंच दोन्ही वेळा सांगितलं होतं. दोष काय तो मिस्त्रीच्या तोंडून ऐकायला आज बंडूला उद्धवरावांचा दुकानावर यायचा निरोप गेला होता.

नागसेननं पेट्रोलची नळी पाहिली. प्लग घासला. एअर फिल्टर झटकला. केबल ताणली. उद्धवराव दर वेळी मूठ पिळत. फरक पडेना.

"कार्बोरेटर काऊन नाही खोलून राह्यला?"

"खोलतो ना काका. आधी बाकीचं पाहू द्या."

"बाकी आता हॉर्न तेवढा राह्यला."

नागसेननं सावकाश कार्बोरेटरचं झाकण काढलं. स्प्रिंगसोबत रबरी नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर आला. त्या तुकड्यानं आतला व्हॉल्व्ह अर्ध्यावरच अडत होता. पोरगं नवीन गाडी चालवायला लागलं की गावातले बाप असा तुकडा नागसेनकडूनच टाकून घेत. पोरानं गाडी पळवू नये म्हणून.

"माझ्या गाडीत कोणं टाकायला लावला?"

"बंडूनं." नागसेनची मान वर होईना. "बाबा लई जोरात चालवतात, भेव वाटते, काही तरी कर म्हणे. काय केलं ते मी सांगितलं नाही काका. त्यानंही विचारलं नाही."

उद्धवरावांनी तुकडा खिशात टाकला.

बंडू आला तो रस्त्यावरच थांबला. बापाकडे न पाहता त्यानं नागसेनला विचारलं, काय निघालं.

नागसेननं कार्बोरेटरचं झाकण परत बसवायला घेतलं.

"कचरा," उद्धवराव म्हणाले. "तू म्हणत होता तेच खरं, बंडू. मी गाडी दाखवलीच नव्हती."